मावशीच्या बाजूचं स्टिअरिंग

माझ्या मावशीला अख्खं गाव क्लचबाई म्हणतं. तोंडावर नाही, मागे. पण तिला माहितीये आणि मला वाटतं तिला ते आवडतं पण. ती गाडी शिकवते. ड्रायव्हिंग स्कूल खरं तर काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, पाटीवर नावही त्यांचंच, आणि गंमत अशी की काकांना गाडी येत नाही. घाबरतात. तरुणपणी म्हणे एकदा त्यांनी गाडी चपलांच्या दुकानाच्या पायरीवर चढवली होती, तेव्हापासून ते ऑफिसात बसून फोन घेतात, कोणाचा क्लास किती वाजता ते बघतात, आणि नवीन आलेल्या घाबरट लोकांना धीर देतात, "काही नाही हो, एकदम सोप्पं असतं." हे ते इतक्या मनापासून म्हणतात की मला हसायला बाहेर जावं लागतं.

तर शिकवते मावशी. आता शिकवणारा बसतो कुठे, डावीकडे. स्टिअरिंग उजवीकडे, तिथे शिकणारा. मावशीच्या पायाशी तिचा वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच बसवलेला आहे, म्हणजे समोरच्याने घोळ घातला की ती गाडी थांबवू शकते. रेस मात्र तिच्या बाजूला नाही. कशाला असेल, तिचं काम थांबवायचं. पुढे जायचं असेल तर ती तोंडाने सांगते, "दे." बस्स, एवढंच. म्हणजे रेस दे. "दे... दे थोडं... घाबरतोस काय, दे... आता सोड." दिवसभर हेच. डॉक्टर, किराणावाले, नव्या नवऱ्या, रिटायर झालेले साहेब, सगळ्यांना तिने "दे दे" करत रस्त्यावर आणलंय आणि सगळ्यांना अरेतुरे केलंय.

आणि तिचे पाय. तिच्या पायांना सुट्टीच नाही. बसमध्ये बसली की ब्रेक दाबते. टीव्हीवर गाड्यांची मारामारी चालली की सोफ्यावरून ब्रेक दाबते. एकदा माझ्या आईच्या पायावर दाबला, आई म्हणाली, "अगं बाई, मी थांबलेलीच आहे."

हे सगळं हसण्यासारखं आहे, पण एकदा भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "बारके, तुला सांगू, मी एकटीने कधी गाडी चालवलेलीच नाही."

मी म्हटलं काहीही काय.

"नाही, खरंच. शिकले तेव्हा शेजारी शिकवणारा. लग्न झालं आणि शिकवायला लागले, तेव्हापासून मी शेजारी. गाडी मोकळी असली की गल्लीतलं कोणीतरी हात करतंच, मावशी चौकापर्यंत सोडा. गाडीवर एवढी मोठी पाटी, नाही कसं म्हणणार? आणि कोणी नसलं की तुझे काका." मग तिने ताट फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "एकदा आपली गाडी असावी. एकच ब्रेक असलेली. शेजारी कोणी नाही. आणि जायचं. कुठे ते मग बघू."

मला एकदम भरून आलं. तिला नाही, ती पुढचं ताट पुसत होती.

तर तिची मुलगी, म्हणजे ताई, लग्न झाल्यापासून परदेशात असते. तिने नवीन घर घेतलं आणि आईला बोलावलं. मला सुट्टी होती म्हणून माझ्या आईने मला सोबत पाठवलं, ती एकटी कशी जाईल म्हणून. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं. भरली शेजारची सीट."

तिकडे सगळं उलटं. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे. ताई आणि भाऊजी घ्यायला आले होते. मावशी सवयीने गेली डाव्या दाराशी, दार उघडलं, आणि समोर स्टिअरिंग.

"आई, तुम्ही चालवताय का?" भाऊजी म्हणाले.

मावशी नुसती बघत राहिली त्या सीटकडे. मग फिरून उजवीकडे आली आणि बसली, आणि घर येईपर्यंत भाऊजींच्या गाडीला ब्रेक लावत राहिली.

"आई, तिथे काही नाहीये."

"माहितीये हो. पण तुम्ही कुठे बघताय? समोर बघा. आणि क्लच का नाही दाबत तुम्ही?"

"हिला क्लच नसतो. ऑटोमॅटिक आहे."

"क्लचच नाही?" मावशीचा आवाज असा झाला की जणू तिला जावयाच्या घराण्यातलं काहीतरी लपवलेलं आत्ता कळलंय. ताई घरी पोचेपर्यंत हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून मावशी आणि मी फिरायला जायचो, म्हणजे मी फिरायचे, मावशी डोकावायची. कचऱ्याची गाडी डबा कसा उचलते ते बघायला ती तिच्या मागे मागे तीन गल्ल्या चालली. पोस्टाच्या गाडीला दार सरकतं की उघडतं. सिग्नलला लोक न्यूट्रल करतात की नाही. तिने एकाला काचेवर टकटक करून विचारायला लावलं मला, आणि तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं आम्ही पत्ता विचारतोय की काय झालंय. मला तिकडची भाषा मोडकीतोडकी येते, कॉलेजात विषय आहे म्हणून. पण "न्यूट्रल करता का" हे कुठल्या पुस्तकात असतं?

ताईच्या रस्त्याच्या अगदी टोकाला एक घर होतं, त्याच्या बाजूला पत्र्याची शेड, अर्धं दार उघडं. आत ताडपत्री आणि ताडपत्रीखालून एका गाडीचा मागचा भाग दिसत होता, गोल, पिस्त्याच्या रंगाचा. मावशी थांबली. मग वाकली. मग अजून वाकली, म्हणजे आता ती दुसऱ्याच्या शेडमध्ये गुडघ्यावर बसली होती आणि मी म्हणत होते मावशी चल, मावशी प्लीज चल, आणि तेवढ्यात पाण्याचा पाइप हातात घेतलेले एक आजोबा बाहेर आले.

ते गुरांचे डॉक्टर होते, आता रिटायर. उंच, वाकलेले, हात हे एवढे मोठे. गाडी त्यांचीच. याच गाडीतून त्यांनी आयुष्यभर आसपासच्या गोठ्यांच्या फेऱ्या मारल्या होत्या. त्यांनी काही न विचारता ताडपत्री काढली. मला वाटतं कोणीतरी गुडघ्यावर बसून बघतंय हेच त्यांना पुरलं.

मी गाड्यांमधली नाही, पण ती गाडी बघून मलापण काहीतरी झालं. दोन दारं, डोळे बाहेर आलेले दिवे, आत वाळलेल्या गवताचा आणि औषधाचा वास. मावशी सवयीने गेली डाव्या दाराशी. उघडलं. बसली. आणि बसल्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मला म्हणाली, एकदम हळू, "बारके, हे माझ्याच बाजूला दिलंय गं."

मी म्हटलं इथे सगळ्यांचंच त्या बाजूला असतं.

"सगळ्यांचं असू दे. मी जिथे बसते तिथे आहे. गिअर उजव्या हाताला. मी पोरांचे गिअर याच हाताने सरळ करते ना रोज. माझा हात बघ, आपोआप गेला."

मग सुरू झाली तिची चौकशी. हे ओढायचं बटण काय, तर चोक, थंडीत ओढून धरायचं. हे काय, हे काय. आजोबांनी एक खटका दाबला आणि दाराच्या मागच्या खांबातून एक छोटासा केशरी हात टक्कन बाहेर आला. इंडिकेटर. जुन्या काळी तसा असायचा म्हणे, दिवा लुकलुकत नाही, हातच बाहेर येतो. मावशीने तो आत करायला लावला, परत बाहेर, परत आत. "गाडी स्वतः हात दाखवते," ती म्हणाली. "मी तिकडे ओरडून मरते हात दाखव हात दाखव."

आजोबांना गाडी विकायची होती. आधी बरेच लोक येऊन गेले होते आणि त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं होतं. कारण आलेल्या लोकांना ती हॉलमध्ये ठेवायची होती, नाहीतर लग्नात भाड्याने द्यायची होती, ट्रकवर चढवून न्यायची होती. आजोबांची एकच अट. मला शेजारी बसवायचं, माझ्या जुन्या फेरीच्या रस्त्याने टेकडीवरच्या गोठ्यापर्यंत आणि परत, ज्याने नीट चालवून दाखवली त्याची गाडी. नाही जमलं तर राम राम.

मी मावशीला हे सांगितलं आणि तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं की आता ही घेणार.

घरी ताईने डोकंच धरलं. "आई, लोक इथून जाताना चॉकलेटं घेऊन जातात."

"मी चॉकलेट खात नाही."

"आपल्याकडे चालणार आहे का ती? स्टिअरिंग उलट्या बाजूला."

भाऊजींनी दोन दिवस फोन करून विचारून घेतलं. नवी गाडी अशी आणता येत नाही, पण इतकी जुनी असेल तर येते, परवानगी काढावी लागते, एजंट सगळं बघतो. पैशांचं मी विचारलं तर मावशी म्हणाली तुझ्या लग्नाचे नाहीयेत ते, गप बस. म्हणून ते मी लिहीत नाही. आणि परदेशात चालवायचा परवाना तिच्या पर्समध्येच होता. लोकांना काढून देते तसा येताना स्वतःचाही काढून आणला होता, कोणाला न सांगता.

काकांना फोन लावला. काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "आण. पण मला चालवायला सांगू नकोस."

"तुम्हाला कोण सांगतंय?"

"नाही, आपलं आधीच सांगून ठेवलं."

तर मग तो दिवस. आजोबांनी कोट घातला होता. ते उजवीकडे बसले, मी मागे कोंबून. मावशीने सीट पुढे घेतली, आरसा केला, चोक ओढला, चावी फिरवली, इंजिन लागलं. क्लच दाबला, फर्स्ट टाकला, एकदम लोण्यासारखा. मी मनात म्हटलं झालं काम. तिने क्लच सोडला आणि गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

परत. परत बंद.

तिसऱ्यांदा गाडी फाटकाबाहेर आली कशीबशी, आणि मग रस्त्यावर मी जे बघितलं ते मला अजून सांगताना कसंतरी होतं. मावशी रेसच देत नव्हती. गाडी मुंगीसारखी चाललेली, मागे हॉर्न, आणि तिचा उजवा पाय ब्रेकवरच. समोर काही नाही, रिकामा रस्ता, आणि ती ब्रेक दाबतेय. पहिल्या चढाला गाडी मागे यायला लागली, तिने अजून जोरात ब्रेक दाबला, आणि पुढे म्हणून ती गेलीच नाही. माझी मावशी, जिने अख्ख्या गावाला गाडी शिकवली. तिच्या कपाळावर घाम, आणि ती आपल्या पायाकडे असं बघत होती की हा कोणाचा आहे.

आजोबांनी हात करून तिला बाजूला व्हायला सांगितलं, स्वतः बसले, गाडी शेडमध्ये नेली, आणि ताडपत्री घातली. चावी कोटाच्या खिशात. मला म्हणाले, सांग त्यांना, वाईट वाटून घेऊ नका. मी ते सांगितलं नाही. तिला कळलंच होतं.

मला वाटलं ती रडेल. मी तर रडायच्याच बेतात होते. पण मावशी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि पाय पुढे करून बघायला लागली. डावा दाबून बघितला. उजवा दाबून बघितला.

"आई, जाऊ दे ना आता," ताई म्हणाली.

"जाऊ दे काय? हा पाय उजवीकडे बसलं की रेस देतो. डावीकडे बसलं की देत नाही. का देत नाही?"

"वय झालं तुझं."

"वय दोन्ही बाजूंना सारखंच असेल ना गं."

मग ती म्हणाली, फोन लाव काकांना. काकांनी फोन घेतला तशी म्हणाली, "अहो, जरा खाली जा. आपल्या गाडीत बघा. माझ्या पायाखालची मॅट बघून सांगा."

"का, काय झालं? मिळाली का गाडी?"

"आधी मॅट."

काका धापा टाकत खाली गेले, दार उघडल्याचा आवाज, मग खाली वाकल्याचं हुश्श. "फाटलीये. बदलायला झालीये. क्लचखाली एक भोक, ब्रेकखाली एक भोक."

"आणि?"

"आणि काय? थांब. उजवीकडे अजून एक आहे. इथे तर वर काहीच नाहीये. मग भोक कशाने पडलं?"

मावशी खुर्चीत मागे टेकली. तिचं तोंड इतकं बदललं की ताईने हातातलं भांडं ठेवलं.

म्हणजे बघा काय होतं. तिच्या बाजूला रेस नाही, पण शिकणाऱ्याला "दे" म्हणताना तिचा स्वतःचा पाय खाली मॅटवर दाबला जायचा. तिच्या नकळत. रोज, इतकी वर्षं, नुसत्या मॅटवर, भोक पडेपर्यंत. पायाला रेस देता येत होती. पण या बाजूला तो "दे" ऐकल्यावरच जायचा. आणि आज ती शहाण्यासारखी गप्प बसून चालवत होती, परक्या माणसासमोर, चांगलं दिसावं म्हणून.

"मी तोंडच उघडलं नाही गं," ती म्हणाली. तिने पाय पुढे केला आणि हळूच म्हणाली, "दे." आणि पाय गेला. ताईच्या नव्या फरशीवर, सरळ, उजवीकडे, जिथे रेस असते तिथे. मी आणि ताई फरशीकडे बघत बसलो. तिकडे काका फोनवर, "हॅलो? कोणाला दे म्हणतीयेस? हॅलो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्या शेडशी. आजोबांनी आम्हाला बघितलं आणि मान हलवायला लागले, म्हणजे नाही. मावशी मला म्हणाली, "सांग यांना. जसंच्या तसं सांग. माझ्या गाडीत माझ्या बाजूला रेस नसते. मला बोलावं लागतं. लाज वाटली म्हणून काल बोलले नाही."

मी सांगितलं, अडखळत, मॅटचं पण सांगितलं, भोकाला तिकडे काय म्हणतात ते मला आठवेना म्हणून बोटाने दाखवलं. आजोबांनी ऐकलं. मग ते हसायला लागले, म्हणजे हसणं सुरू झालं आणि थांबेचना, चष्मा काढावा लागला. ते म्हणाले, मी जनावराला सुई टोचताना जिभेने टक् करायचो, नेहमी. त्याचं लक्ष तिकडे जायचं. गेल्या वर्षी दवाखान्यात नर्सने मला सुई टोचली आणि मीच टक् केलं. ती म्हणाली काय झालं. मी काय सांगणार?

त्यांनी खिशातून चावी काढली.

यावेळी मावशीने पदर खोचला आणि तोंड सुरू केलं. "हं. क्लच दाब. फर्स्ट. घाई नको. आरसा बघ. उजवीकडून जायचंय, विसरू नकोस, हे लोक उजवीकडून जातात. आता सोड, हळू, अर्धा... आणि दे." आणि गाडी सुटली, अगदी अलगद. "दे... दे... शाबास. सेकंड. दे." मला आधी हसू आलं, मग येईना झालं. ती स्वतःला शिकवत होती. अरेतुरे करून, रागवून, कौतुक करून. "कुठे बघतेस, गोठा नंतर बघ. खड्डा, खड्डा. हां. आता चढ आहे, आधीच दे, मागे यायची वाट बघतेस काय? दे... अजून... दे गं बाई, घाबरतेस कोणाला."

कालचा तो चढ आला आणि गेला. मला कळलंच नाही कधी गेला. वर टेकडीवर गोठा, दोन गाई फाटकातून डोकं काढून, त्यांनी गाडी ओळखली की नाही देव जाणे, आजोबांना वाटलं ओळखली. उतार संपल्यावर मावशी जरा गप्प झाली आणि गाडी लगेच रेंगाळली, तशी आजोबांनीच तोंड उघडलं. त्यांनी रस्त्यात तो एकच शब्द इतक्यांदा ऐकला होता की त्यांना पाठ झाला होता. जाड आवाजात म्हणाले, "दे." आणि मावशीचा पाय गेला.

शेडशी आलो तेव्हा ते मागे वळून मला म्हणाले, हा शब्द काय आहे? दे म्हणजे काय?

रेस, पेडल, हे सगळं मला त्या भाषेत जमेना, मी म्हटलं, दे म्हणजे, कोणाकडे काही मागायचं असलं की म्हणतात. द्या मला.

आजोबा बघतच राहिले तिच्याकडे. इतका वेळ, सगळ्या रस्त्याने, ती हेच म्हणत होती? मी म्हणणार होते की नाही नाही तसं नाही, पण त्यांनी चावी काढून मावशीच्या हातात ठेवली आणि मला म्हणाले, सांग, दिली.

मी नाही सांगितलं त्यांना खरं. मावशीला सांगितलं घरी जाताना, तर ती म्हणाली, "बरोबरच सांगितलंस की."

मग बाकीचं सगळं लांबलचक आणि कंटाळवाणं होतं, आम्ही परत आलो, गाडी जहाजाने मागून येणार होती. मावशी रोज विचारायची आत्ता ती कुठे असेल. समुद्रात गाडी हलत असेल का, तिला बांधतात की नुसतं हँडब्रेकवर ठेवतात, पेट्रोल काढून घेतात का. एजंटला तिने इतके फोन केले की तो शेवटी म्हणाला, "मावशी, मी पण आतमध्ये बसलेलो नाहीये."

गोदीत कंटेनर उघडला तेव्हा आम्ही सगळे होतो. गवताचा वास तसाच. एजंट गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "बाई, आणलीत खरी, पण ही आपल्या रस्त्यावर चालवणार कोण? ड्रायव्हर फुटपाथच्या बाजूला येतो."

"मी तिथेच असते," मावशी म्हणाली.

काकांचं तर विचारूच नका. ते घाबरत घाबरत उजव्या बाजूला बसले, म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर असतो तिथे, आणि त्यांच्यासमोर काहीच नाही. स्टिअरिंग नाही, पेडल नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले, पाय पसरले आणि काय खूश झाले म्हणून सांगू. गावातून गाडी निघाली तर लोक थांबून बघायला लागले, ड्रायव्हिंग स्कूलचे मालक गाडी चालवतायत आणि हात सोडून. चपलांच्या दुकानाचा म्हातारा मालक बाहेर आला आणि पायरीवरच्या चपला उचलायला लागला.

पण मग एक लक्षात आलं. ओव्हरटेक. पुढे ट्रक असला की मावशी डाव्या कडेला, तिला ट्रकच्या पलीकडे काही दिसतच नाही, समोरून कोणी येतंय का ते उजवीकडे बसलेल्यालाच दिसतं. काकांनी मान बाहेर काढून सांगायला सुरुवात केली. "काढ... नको नको थांब, बस आहे... आता काढ." पहिल्यांदा आयुष्यात ते गाडीतलं काहीतरी सांगत होते आणि ती ऐकत होती. घरी आल्यावर ते जेवतानाही सांगत होते, "शेवटी शेजारी माणूस लागतोच. या गाडीला तर लागतोच लागतो."

सगळ्यांनी तेच म्हटलं. माझी आई, शेजारचे, ताई फोनवर. एकटी जाऊ नकोस, बारकीला ने. मीपण म्हटलं मावशी मी येते ना, मला कॉलेज नाहीये. मावशी पोळी तोडत राहिली. तिने मान खाली घातली आणि मला तिच्याकडे बघवेना. एवढं करून, समुद्र ओलांडून गाडी आणली आणि तिलाही शेजारी माणूस लागतो.

सकाळी मी उठले तर काका फाटकाशी उभे. गाडी नव्हती. तिचा फोन टेबलावर होता.

"गेली," काका म्हणाले. "मी म्हटलं ओव्हरटेक कसा करशील. तर म्हणाली, नाही करणार."

दुपार झाली. काकांनी दोन क्लास परत पाठवले, कोणाशी नीट बोलले नाहीत, एका बाईला तर गाडी शिकणं फार अवघड असतं असं सांगून टाकलं. मी फाटकाशीच. मग वळणावर तो केशरी हात आधी बाहेर आलेला दिसला, मग गाडी. घसा बसलेला होता तिचा, सगळा रस्ता बोलत गेली असणार.

"कुठे गेली होतीस?" काका.

"तो टेंपो जात होता तिथे."

"कुठला टेंपो?"

मावशी पायरीवर बसली आणि चपला काढल्या. गावाबाहेर पडल्या पडल्या तिच्यापुढे एक सामानाचा टेंपो आला म्हणे, हळू चाललेला. ओव्हरटेक तर करायचा नाही, म्हणून ती त्याच्या मागे. तो वळला की ही वळायची. आणि टेंपोत मागे एक मोठं कपाट बांधलेलं होतं, दाराला आरसा असलेलं, आरसा मागच्या बाजूला.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? अख्खा रस्ता मी मलाच दिसत होते. पिस्ता रंगाची गाडी, त्यात एक बाई, तोंड चालू. आणि शेजारची सीट मोकळी." तिने पायाचा अंगठा चोळला. "पहिल्यांदा वाटलं कोण बाई आहे ही, बरी चालवते."

काका आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले, जरा अंतर ठेवून.